धाकटं सिन्नर

अमेरिकेहून परत आलेला माणूस आधी तिथल्या रस्त्यांबद्दल बोलतो, मग बर्फाबद्दल, आणि शेवटी तिथे ताजी कोथिंबीर कशी मिळत नाही याबद्दल. आबा बोलायचे ते तिथल्या एका गावाबद्दल. कोणत्या दुकानाच्या जागी पूर्वी लोहाराचा भाता होता, एका घंटेवरून दोन चर्चांचं कसं वाजलं आणि त्यापायी एवढ्याशा गावात दोन जत्रा कशा भरू लागल्या, रेल्वे येणार म्हणून कोण्या बाईने खानावळ बांधली आणि रूळ भलतीकडून गेल्यावर ती अख्खी लाकडी खानावळ ओंडक्यांवर घालून बैलांकरवी कशी ओढत नेली. हे सगळं ते इतक्या जवळिकीने सांगायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, आबांचं आजोळच तिथलं.

त्या गावाचं खरं नाव आमच्यापैकी कोणाच्या जिभेवर बसेना. आबांनी तोड काढली. "भोवती शेती, कडेला कारखाना, आणि तरुण पोरं शहराकडे तोंड करून उभी. धाकटं सिन्नर म्हणा आणि मोकळे व्हा." झालं. नाशिकच्या आमच्या कॉलनीच्या वाचनालयात त्या गावाला दुसरं नावच उरलं नाही. एका कानाने अधू असलेले अण्णा तर बरेच दिवस समजत होते की आबांचा मुलगा खरोखरच सिन्नरला असतो. "दर उन्हाळ्यात जाता आबा, मग एस.टी.चा पास का नाही काढत?"

"काढला असता अण्णा," आबा म्हणाले, "पण मधे समुद्र लागतो. कंडक्टर तिकडे यायला तयार नाही."

आबांना जाऊन आता काही वर्षं झाली. वाचनालयाच्या स्मरणिकेत त्यांच्यावर चार ओळी आल्या आहेत: विनोदी वक्ते, अमेरिकेच्या गमतीजमती रंगवून सांगणारे. त्यात खोटं काही नाही. पण ते अर्धंच आहे, आणि उरलेलं अर्धं तिथे आलं नाही याला मीही कारण आहे. मी तेव्हा वाचनालयाचा चिटणीस होतो. आज ऐंशी ओलांडल्यावर वाटतं, आपण लिहिलं नाही तर ते अर्धंच राहील.

आबा सिन्नरकडच्या एका खेड्यातल्या बौद्ध कुटुंबातले. सरकारी कचेरीत हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. मुलगा डॉक्टर. नव्वदीच्या दशकात तो अमेरिकेतल्या त्या आडवळणाच्या गावच्या दवाखान्यात लागला आणि आबांच्या फेऱ्या सुरू झाल्या. पहिल्याच आठवड्यात ते सवयीप्रमाणे सकाळी चालायला निघाले. तिथे रस्त्याने कोणी पायी जात नाही. पोलिसाची गाडी शेजारी येऊन थांबली. "तुमची गाडी बंद पडली का?"

"नो सर," आबा म्हणाले, "आय ॲम इन वर्किंग कंडिशन." आणि लगेच इथली ग्रामपंचायत कुठे आहे म्हणून विचारलं. पोलिसाने विचार करून त्यांना गावच्या ग्रंथालयात आणून सोडलं. हे सांगताना आबा दर वेळी मान हलवायचे. "आपल्याकडे म्हातारा सापडला तर पोलीस घरी सोडतात. तिथे पुस्तकांत सोडतात. मग तो देश पुढे का नाही जाणार?"

ग्रंथालयात डोरथीबाई होत्या. सत्तरीच्या, उंच, कडक. गावच्या जुन्या रेल्वे स्टेशनात एक छोटं संग्रहालय होतं, त्याच्या किल्ल्याही त्यांच्याकडेच. आबांचं इंग्रजी कचेरीतलं. ते हात जोडून म्हणाले, "रिस्पेक्टेड मॅडम, आय बेग टू स्टेट दॅट आय ॲम न्यू टू धिस व्हिलेज." बाईंना हे इतकं आवडलं की पुढे त्याही आबांना फोन केला की "आय बेग टू स्टेट" अशीच सुरुवात करायच्या. आबांच्या सूनबाईंना वाटायचं, कचेरीतूनच कोणीतरी बोलतंय.

संग्रहालयात गावाच्या संस्थापकांचे फोटो होते, पहिल्या बँडचे, पहिल्या शाळेचे. एका भिंतीवर गावाचा मोठा नकाशा. आबा त्याच्यासमोर बराच वेळ उभे राहिले आणि मग त्यांनी जो प्रश्न विचारला तो त्या बाईंना आयुष्यात कोणी विचारला नव्हता. "मॅडम, इथे वारा कुठून येतो?"

बाई म्हणाल्या, "वायव्येकडून. जवळजवळ वर्षभर."

"आणि साखर कारखान्याचा वास?"

"तो वाऱ्याबरोबर रुळांच्या पलीकडे जातो. आम्हाला त्रास नाही."

"मग पलीकडे कोण राहतं?"

बाईंनी चष्मा काढून पुसला. पलीकडे मेक्सिकन लोक राहत होते. तिथली साखर बिटाची; ते बीट खणायला त्यांच्या आज्या-पणज्या आल्या, तेव्हापासून. कारखाना त्यांच्या हातांवर उभा राहिला होता. भिंतीवर त्यांचा एकही फोटो नव्हता.

मला हे आबांनी वाचनालयाच्या ओट्यावर सांगितलं. मी विचारलं, "पण आबा, तुम्हाला वारा कसा काय सुचला?"

ते माझ्याकडे बघतच राहिले, मी थट्टा करतोय की काय म्हणून. मग म्हणाले, "चिटणीस, आमची घरं गावाच्या पूर्वेला. वारा पश्चिमेचा. आधी गावावरून जाणार, मग आमच्यावरून. आमच्या अंगावरचा वारा गावाला लागायला नको, म्हणून गाव वसवतानाच ही सोय. मी कुठल्याही गावात गेलो की आधी वारा बघतो. माणसं कुठे ठेवलीत ते आपोआप कळतं." आवाजात राग नव्हता. बस कुठे बदलायची हे सांगावं तसं ते सांगत होते.

मग ते आणि डोरथीबाई रूळ ओलांडून घरोघर गेले. बाई त्या गावात जन्मल्या, पण तिकडच्या एकाही घरात त्या कधी बसल्या नव्हत्या. पहिल्या घरी मारिया नावाच्या आजीबाई होत्या. त्यांनी दोघांना मक्याची भाकरी आणि ठेच्यासारखं काहीतरी वाढलं. ("ठेचाच हो, फक्त पासपोर्ट वेगळा," इति आबा.) पण फोटोंचं नाव काढताच आजीबाईंनी हाताची घडी घातली. तुम्हाला आमचे फोटो कशाला हवेत?

आबा म्हणाले, "माझ्या गावच्या शाळेत भिंतीवर फोटो आहेत. देणगीदारांचे, हेडमास्तरांचे. पायाचे दगड ज्यांनी वाहिले त्यांत माझा बाप होता. त्याचा नाही."

आजीबाई आत गेल्या आणि बुटांचं खोकं घेऊन आल्या. त्या उन्हाळ्यात अशी पुष्कळ खोकी उघडली. गावच्या वार्षिक उत्सवाच्या दिवशी स्टेशनात ते फोटो लागले. मारियाआजी नातवंडांना घेऊन आल्या आणि बीटच्या शेतात वाकलेल्या स्वतःच्या आईसमोर खुर्ची मागवून बसल्या. जेवायची वेळ झाली तरी उठेनात.

आबा परत आले ते हे सगळं नाशिककरांना सांगायचं ठरवूनच. आमच्या व्याख्यानमालेसाठी त्यांनी स्वतःहून विषय दिला: 'गाव कसं वसतं: एक इथलं, एक तिथलं'. त्याआधी मी त्यांना स्वतःसाठी काही मागताना पाहिलं नव्हतं. कमिटीत अध्यक्ष म्हणाले, "आबा हसवतात छान. ते वाऱ्याबिऱ्याचं कशाला? लोक दिवसभराचे दमून येतात." कोणीतरी म्हणालं, "उगाच वाद नको." मी इतिवृत्तात तसंच लिहून घेतलं. विषय 'अमेरिकेतील गमतीजमती' असा ठरला आणि दारातल्या फळ्यावर तो मीच रंगीत खडूंनी लिहिला.

आबा आले. फळ्यासमोर थांबले. "अक्षर सुंदर आहे हो तुमचं," म्हणाले आणि आत गेले. तासभर हशा थांबला नाही. पोलीस, एस.टी.चा पास, पासपोर्टवाला ठेचा, सगळं आलं. एकदा ते म्हणाले, "आता त्या गावाला वारा कुठून येतो ते..." आणि त्यांनी पहिल्या रांगेकडे, आमच्याकडे पाहिलं. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं. मी हातातली पत्रिका वाचत होतो. आबांनी पाण्याचा घोट घेतला आणि दुसरी गंमत सुरू केली.

जाताना मी त्यांना म्हणालो, "आबा, पुढच्या वर्षी तुमचा विषय घेऊ."

"घेऊ की," ते म्हणाले. "वारा काय कुठे पळून जातोय?"

पुढची किती तरी वर्षं गेली, कमिटीने तो विषय घेतला नाही आणि आबांनी पुन्हा काढला नाही. आमचा सकाळचा चहा मात्र एका दिवसानेही चुकला नाही. हे त्यांचं मोठेपण की मला दिलेली शिक्षा, हे मला ठरवता येत नसे. एकदा तसं विचारलंही. ते म्हणाले, "चहा आहे चिटणीस. चहाच समजा."

माझं गाव लासलगावजवळ. चुलतभावाच्या नव्या घराची वास्तुशांत होती, मी आबांना आग्रहाने बरोबर नेलं. जेवणं झाली. आबा बडीशेप चघळत म्हणाले, "गावाच्या पूर्वेला काय आहे?"

"ओढा."

"ओढ्यापलीकडे?"

"वस्ती आहे," मी म्हणालो.

"चला मग, पाय मोकळे करू."

माझा जन्म त्या गावातला. वय सत्तरीला आलेलं. पण तो ओढा मी कधी ओलांडला नव्हता. पाणी घोट्याएवढंही नव्हतं.

पलीकडे विहारासमोर लिंबाखाली माणसं बसली होती. आबांनी जयभीम केला, आपलं गाव सांगितलं, आणि दोन मिनिटांत ते त्यांच्यातले होऊन गेले. अमेरिकेचं नाव निघालं तसा एकाने विचारलं, "तिकडं बी अशा वस्त्या हायेत का बाबा, गावाभाईर?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मग पारावर मांडी ठोकून त्यांनी ते भाषण सुरू केलं. वारा, नकाशा, रूळ, खोकी. एकही वाक्य गाळलं नाही. बाया दारातून उठून जवळ आल्या. मधेच मागून एक म्हातारी बोलली, "मंग त्या बायांचं फोटू लावलं का न्हाई?"

"लावले आजी."

"कुठं? म्होरं का मागं?"

"दारातून आत गेलं की समोर."

"मंग ठीक हाय." तिची नजर माझ्यावर आली. "आन् हे कोन?"

उत्तर मीच द्यायचं होतं. "मी इथलाच," मी म्हणालो. "ओढ्याच्या अलीकडचा... म्हणजे, पलीकडचा."

"हितला?" तिने हात कपाळाशी धरून मला नीट पाहिलं. "कवा दिसला न्हाई."

"पहिल्यांदाच आलेत," आबा म्हणाले. "पाहुणे आहेत."

"मंग आरं, पाव्हण्याला आधी च्या द्या की! कवाचे बोलत बसलेत!"

चहा आला. पहिला कप माझ्या हातात दिला गेला. माझा चहा पिऊन होईपर्यंत आबा थांबले. मग उरलेलं भाषण त्यांनी पार दिवेलागणीपर्यंत केलं. कोणीही उठलं नाही. मीही नाही.