माझ्या शेऱ्यानं खोटं दुरुस्त झालं

मंडळी, डोकं भणाणलंय, म्हणून दौंडच्या सायबर कॅफेत बसून लिहितोय.

गेल्या वर्षी एका वैद्यकीय मासिकानं छापण्याआधी एक लेख माझ्याकडं तपासायला पाठवला. वडगाव रासाईतल्या मेंढपाळ बायकांना रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या, जानेवारीत घरोघरी जाऊन रक्त तपासलं, सगळ्या भेटल्या, सगळ्यांचं रक्त वाढलं, असं त्यात होतं.

मी तिथलाच, धनगराचा पोरगा. मेंढरं राखणारी घरं दिवाळी झाली की कोकणात उतरतात, ती पावसाळ्याच्या तोंडालाच परततात. जानेवारीत दाराला कुलूप! तसं शेऱ्यात लिहिलं आणि लेख छापू नका म्हणालो.

आज दुपारी अंक हातात पडला. लेख आहे. आकडे तेच, फक्त जानेवारीचा ऑगस्ट झालाय.

संपादकांना फोन केला. "डॉक्टर, तुमची हरकत लेखकांना कळवली होती. महिना चुकीचा पडला म्हणाले, त्यांनी बदलला. फार बारकाईनं वाचता हो तुम्ही!"

मग गावी चुलत्यांना फोन लावला. "आबा, ऑगस्टात रक्त तपासायला कुणी आलं होतं का?"

"न्हाई बा. कवाच न्हाई. का रं?"

"आलं होतं असं छापलंय."

"छापलंय व्हय? मग आता आमचं कोण ऐकतंय!"

त्या लेखात बोट ठेवायला एकच जागा होती. ती माझ्याच शेऱ्यानं बुजली.

आत्ता मेल उघडली, तर दुसरा लेख तपासायला आलाय. त्यातही एक चूक दिसतेय. सांगा, दाखवू का?