न घासायची भांडी

भंडाऱ्यात बाहेरचा माणूस आला की आधी विचारतो, इथली पितळेची भांडी कुठे मिळतात. तुमचं संग्रहालय कुठे आहे, असं मला अजून तरी कोणी विचारलेलं नाही. न विचारू दे. वाचनालयाच्या मागे दोन खोल्या, वर कवेलूचं छप्पर, आणि आत इतिहास मंडळाने गावोगावहून जमवलेला पसारा. त्याला संग्रहालय म्हणायला छाती लागते. ती आमच्या सरांकडे होती.

सर म्हणजे आमच्या शाळेचे निवृत्त हेडमास्तर आणि मंडळाचे अध्यक्ष. मी त्यांच्याच हाताखाली शिकले आणि पुढे त्याच शाळेत मास्तरीण झाले. त्यांनी हाक मारली की नाही म्हणायची सोय नव्हती. माझं अक्षर बरं, म्हणून वस्तूंखालच्या चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. सत्तरचं दशक सरत आलं होतं तेव्हाची गोष्ट. सुरुवातीला मी चरफडतच जात असे. रविवार एकच, आणि तोही दगडधोंड्यांत घालवायचा.

रविवारी व्याख्यान असे. व्याख्याते नागपूरहून यायचे, म्हणजे एसटी उशिरा यायची, आणि तोवर लोकांनी उठून जाऊ नये म्हणून सर स्वतःच बोलत राहायचे. व्याख्याते पोचत तेव्हा त्यांच्या विषयातलं बरंचसं सांगून झालेलं असे. वरठीच्या कारखान्यातली माणसं पाळी संपवून सायकली मारत यायची आणि मागच्या बाकावर बसायची. त्यातला एखादा हमखास घोरू लागे. मी उठवायला निघाले की सर हातानेच थांबवत. "झोपू दे. दमून आला, पण आला ना?" म्हणत. वर्गात ह्याच माणसाने माझ्या तळहातावर छड्या ओढल्या होत्या, हे मला त्या वेळी खरं वाटत नसे.

मंडळाचा मोठा दिवस हिवाळ्यात. धानाचा चुरणा, म्हणजे मळणी, आटोपून लोकांचे हात मोकळे झाले की जुन्या वस्तूंचा दिवस असायचा. ज्याच्या घरी जे जुनं असेल ते त्याने आणायचं, दिवसभर मांडायचं, सगळ्यांनी मिळून चहा-चिवडा घ्यायचा आणि दिवे लागायच्या आत आपापलं घेऊन जायचं. मंडळाची स्वतःची भांडी दर्शनी मांडलेली असत. सरांचा नियम एकच होता. हात लावा, उचलून पाहा, पण घासू नका. तो काळेपणा म्हणजे भांड्याचं वय, घासलं की वय जातं आणि नक्षीही झिजते. आता हे भंडाऱ्यातल्या बायकांना सांगायचं म्हणजे काय, विचार करा. इथे पाणी प्यायच्या गडव्यावर बोटाचा डाग दिसला तरी बाईला चैन पडत नाही.

त्या वर्षी पावसाळ्यात माझे वडील गेले. आईला माहेरच्या गावी, करडीत, एकटी कशी ठेवायची? आमच्या ह्यांनीच सांगितलं, घेऊन ये. घेऊन आले. पण जी आणली ती माझी आई नव्हतीच. धानाच्या रोवण्याच्या दिवसांत ती चिखलाने भरलेल्या बांधीत उतरली की तिचा आवाज पलीकडच्या तळ्यापर्यंत जायचा. गावात कोणाचंही लग्न असो, हळदीपासून पंगतीपर्यंत ही पुढे. वडील गेले आणि लोकांनी तिला पुढे बोलवणं बंद केलं. त्याहून वाईट म्हणजे तिलाही ते पटलं. माझ्या घरी ती आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसायची. जेव म्हटलं की जेवायची, नीज म्हटलं की निजायची. मी रागावून पाहिलं, रडून पाहिलं. मला भीती वाटायची, स्पष्टच सांगते. बाप गेला, आता ही अशी बसल्या बसल्या जाणार.

त्यातच जुन्या वस्तूंचा दिवस तोंडावर आला आणि त्याआधी संग्रहालयाच्या भिंतींना चुना मारायचं निघालं. माझं घर जवळ, म्हणून मंडळाची भांडी हातठेल्यावर घालून माझ्याकडे आली. पाण्याचे मोठे गुंड, गडवे, परातीएवढी दोन पसरट कोपरं आणि एक उंच समई. सगळी काळी-हिरवी. "बेटा, जशीच्या तशी ठेव," सर म्हणाले. मी ती पडवीत ठेवली, वर पोतं टाकलं आणि सकाळी शाळेत गेले. आईला काही सांगितलं नाही. जी जागेवरून उठत नाही तिला काय सांगायचं?

दुपारी परतले तर गल्लीतूनच खसखस ऐकू आली. अंगणात आई. पदर खोचलेला, हातात धानाच्या तणसाचा बोळा, पुढे राख आणि भिजवलेली चिंच. गुंड, कोपरं, समई, सगळं धुऊन उन्हात ओळीने पालथं घातलेलं. नुकतं दुकानातून आणल्यासारखं लखलखत होतं.

"आई, हे काय करून बसलीस?"

"काहून ओरडून राहिली वो? काल ठेलेवाला सांगे, चार लोकायपुढं मांडाची भांडी, अन् अशी काळीकुट्ट? लोक तुले हासतीन. घरात चिंच नव्हती, शेजारनीकडून मांगून आणली."

शेजारणीकडून. जी बाई चार महिने उंबऱ्याबाहेर पडली नव्हती, ती शेजारच्या दारात जाऊन चिंच मागून आली होती. तिच्या कपाळावर घाम होता, गाल लाल झाले होते, आणि ती माझ्यावर डाफरत होती, अगदी करडीतल्यासारखी. मला आनंद झाला, पण संध्याकाळी सर भांडी बघायला येणार होते. त्यांची जीभ मला ठाऊक होती. ते एक शब्द कडू बोलले असते तर ही पुन्हा त्या भिंतीशी जाऊन बसली असती, आणि मग मी काय, देव आला असता तरी उठली नसती.

सर आले तेव्हा मी फाटकातच उभी होते. "सर, एक सांगायचं होतं," एवढंच म्हणाले, तोवर त्यांनी माझ्या खांद्यावरून अंगण पाहिलं होतं. ते आत आले, उकिडवे बसले आणि एक कोपर उचललं. ते त्यांनी स्वतः सायकलला बांधून एका खेड्यातून आणलं होतं. काठावर वेलीची नक्षी होती, तिच्या रेघांत काळं बसल्यामुळे ती उठून दिसायची. आता नीट शोधली तरच सापडत होती. सर ते कोपर फिरवून फिरवून पाहत राहिले. त्यांचा चेहरा पडला, मी पाहिला.

आई डोक्यावर पदर घेऊन उभी होती. "बराबर निघाली ना, गुरुजी?" तिने विचारलं.

सरांनी तिच्या हातांकडे पाहिलं. चिंचेने आणि राखेने ते मनगटापर्यंत काळे झाले होते. मग माझ्याकडे पाहिलं. मी आईच्या मागे उभी राहून हात जोडले.

"बाई, एवढी सगळी तुम्ही एकटीनं घासली?"

"एकटीनंच. हा एक गडवा राहिला. चिंच सरली."

"राहू द्या, तो राहू द्या," सर घाईघाईने म्हणाले, आणि काही काम असल्यासारखा तो गडवा उचलून त्यांनी आपल्या पिशवीत टाकला. "बाई, परवा तुम्ही तिकडे यायचं. भांड्यांपाशी बसायचं."

"मी कायले जी? चार सवाष्णी येतीन, त्याईच्यात मी नाही शोभत."

"घासली तुम्ही. लोक मला विचारतील, मी काय सांगू? मला तर साधा पेला घासता येत नाही. या."

आई आली. आधी खुर्चीच्या काठावर बसली. मग एका बाईने विचारलं, कशानं घासली वो माय, आणि आई सांगू लागली. दुपारपर्यंत तिचा आवाज वाचनालयात पोचला आणि तिथून कोणीतरी हळू बोला म्हणून सांगायला आलं. मी कोपऱ्यात उभी राहून डोळे पुसत होते. तिथेच मंडळाचे एक जाणकार सभासद सरांना खडसावताना ऐकू आले, की हे काय करून ठेवलं, वस्तूंची पार माती केली. सर शांतपणे म्हणाले, "माझ्या सांगण्यावरून झालं." बैठकीतही त्यांनी तेच सांगितलं आणि सगळ्यांची बोलणी निमूट ऐकून घेतली. त्यांना खोटं बोलताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

पुढच्या हिवाळ्यात हातठेला पुन्हा आमच्या दारात. "बाई, भांडी काळी पडली," असा सरांचा निरोप. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. "या मंडळाले वर्षभर भांडी राखता येत नाही," असं आई कुरकुरायची आणि उन्हाळ्यातच चिंच फोडून, मीठ लावून बाजूला ठेवायची. रविवारच्या व्याख्यानालाही जाऊ लागली. पुढच्या बाकावर बसून नागपूरच्या पाहुण्यांना उशिराबद्दल बोल लावायची. सर हसू दाबत. मी त्यांच्याशी ह्याविषयी एक अक्षर बोलले नाही. माझी आई मला परत मिळाली होती, आणि सर त्यासाठी आपला एकुलता एक नियम दर वर्षी मोडायला माझ्या अंगणात पाठवत होते.

ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा आई गेली. घासूनपुसून, तृप्त होऊन गेली. पुढचा हिवाळा आला. तिने ठेवलेली चिंच बरणीत होती. मी पडवी झाडून घेतली आणि वाट पाहिली. हातठेला आला नाही.

शेवटी मीच गेले. सर आता काठी घेऊन चालत होते. भांडी फळीवर होती, मळकट दिसत होती.

"सर, या वर्षी भांडी पाठवली नाहीत?"

"आता कशाला, बेटा?" ते म्हणाले. "जुनी भांडी घासायची नसतात."

मग त्यांनी कपाट उघडलं आणि धोतराच्या जुन्या फडक्यात बांधलेलं काहीतरी बाहेर काढलं. तो गडवा होता. आईच्या हातून राहिलेला, काळाकुट्ट. तिच्या नजरेला पडेल म्हणून इतकी वर्षं त्यांनी तो कधी मांडलाच नव्हता. त्यांनी तो फळीवर मधोमध ठेवला आणि चिठ्ठी लिहायला मला कागद दिला.

मी ऊठसूट कोणाच्या पाया पडणारी बाई नाही. त्या दिवशी पडले.