माझं काम परत येत नाही

लालबागचे हे मेकॅनिक व्हॅनिटी व्हॅनच्या संडासाच्या टाकीचं काम करतात. आले की इस्त्रीचा शर्ट काढून माझ्या ड्रायव्हर सीटवर घडी घालून ठेवतात आणि मग गाडीखाली शिरतात. टाकीवर ठकठक करून कान लावतात. हात तीनदा साबणाने धुतल्याशिवाय चहाला शिवत नाहीत. आणि दरवेळी जाताना एकच वाक्य: "माझं काम परत येत नाही."

परवा परळला शूटिंग चालू असताना टाकी तुंबली. महिन्यापूर्वीच त्यांनी व्हॉल्व्हला नवं रबर घातलं होतं. हिरॉईन बाहेर उभी, मालक तापलेले. "ड्रायव्हरने काही केलंय का?" असं त्यांनी धावत आलेल्या मेकॅनिकना विचारलं, तशी माझी तंतरली. गटारापाशी पार्किंग मिळालं की मी व्हॉल्व्ह उघडाच ठेवायचो, टाकी रिकामी करायची कटकट नको म्हणून.

तासाभराने गाळ काढून मेकॅनिक बाहेर आले. हातातलं धडधाकट रबर त्यांनी खिशात टाकलं. माझ्याकडे बघितलंही नाही. "रबर हलकं निघालं, शेठ. चूक माझी."

मालक गेले, तेव्हा माझ्या जिवात जीव आला. हात धुताधुता मेकॅनिक हळूच म्हणाले, "टाकी भरल्याशिवाय व्हॉल्व्ह उघडूचो नाय. पाणी जाता, गाळ रवता. समाजला?" इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते माझ्याशी मालवणीत बोलले.

शर्ट घालून ते निघाले. मी वाट बघत राहिलो, पण त्या दिवशी त्यांचं ते वाक्य काही आलं नाही.