सगळा ऊस ‘सुरू’

“सर, तुमच्या बाईंनी आमचा सगळा ऊस सुरू करून टाकलाय!”

फोन कानाला लावतो न लावतो तोच घोगरे साहेब ओरडले. घोगरे हे इंदापूर तालुक्यातल्या एका साखर कारखान्याचे शेतकी अधिकारी. मी बारामती एमआयडीसीतल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत ट्रेनिंगचे व्हिडिओ करतो. कारखान्यासाठी आम्ही ऊस नोंदणीचं ॲप बनवलं होतं. ते कसं वापरायचं हे शिकवणारे व्हिडिओ माझे, आणि त्यातला आवाज रेहानाचा. ‘बाई’ म्हणजे तीच.

“जुलैत लावलेला ऊस हाय, सगळा आडसाली. माझ्या चिटबॉयनी सरसकट ‘सुरू’ म्हणून टाकलाय. इचारलं तर म्हणत्यात, व्हिडिओतल्या बाईंनी सांगितलं.”

“खऱ्या नोंदी आहेत?”

“न्हाय, सरावाच्या. म्हणून तर शांत बोलतोय.”

हे शांत असतील तर चिडल्यावर काय करत असतील, याचा मी विचार केला नाही.

ऊस नसलेल्या वाचकांसाठी सांगतो. जुलै-ऑगस्टमध्ये लावला तो आडसाली. ऑक्टोबर-नोव्हेंबरचा पूर्वहंगामी. जानेवारी-फेब्रुवारीत लावला तर त्याला आमच्याकडे ‘सुरू’ म्हणतात. हा प्रकार बघून कारखाना तोडणी कधी करायची ते ठरवतो. प्रकार चुकला की तोड वेळेवर येत नाही. गावोगाव फिरून या नोंदी घेणारा कारखान्याचा माणूस म्हणजे चिटबॉय. नावात बॉय असला तरी बऱ्याच जणांना नातवंडं आहेत.

आता व्हिडिओचं. मी स्क्रीन रेकॉर्ड करतो, म्हणजे कॉम्प्युटरवर जे जे करतो त्याचं चित्र घेतो. पूर्वी ते करता करताच बोलायचो. पण त्यात पंखा यायचा, कीबोर्डची टकटक यायची, माझा खोकला यायचा आणि शेजारच्या युनिटचं प्रेस मशीन तर प्रत्येक वाक्याला ठोका द्यायचं. म्हणून आवाज वेगळा घ्यायचं ठरलं. चित्र आधी, आवाज नंतर, आणि मग दोन्ही जुळवायचे. यालाच व्हॉइसओव्हर म्हणतात.

रेहाना माझी कॉम्प्युटर क्लासमधली जुनी विद्यार्थिनी. घरचं कापडाचं दुकान. गावातल्या कार्यक्रमांत सूत्रसंचालन करायची. आवाज असा, की मागे बसून गप्पा मारणारेसुद्धा गप्प व्हायचे. कंपनीचा मालक नीलेश मात्र पहिल्यापासून म्हणत होता, “सर, कॉम्प्युटरचा आवाज लावू. तो चहासुद्धा मागत नाही.” मी भांडून रेहानाला चाचणीचे व्हिडिओ मिळवून दिले. ते पसंत पडले तर कायमचं काम. नाही पडले तर ती दुकानाच्या गल्ल्यामागे, असं तिच्या अब्बांनी सांगून ठेवलं होतं. “सर, मला मीटर लावून कापड फाडायचा कंटाळा आलाय,” असं ती मला म्हणाली होती.

घोगऱ्यांचा फोन ठेवला आणि मी तो व्हिडिओ पुन्हा ऐकला. रेहानाचा गोड आवाज आला, “आता उसाच्या लागणीची नोंद सुरू. यादीतून प्रकार निवडा.”

यादीत ‘सुरू’ होताच. लोकांनी निवडला.

माझ्या मूळ स्क्रिप्टमध्ये ‘नोंद चालू करा’ होतं. ते रेहानाला खटकलं होतं. “सर, ‘चालू’ कसंतरीच वाटतं. चालू माणूस, चालू काम. ‘सुरू’ शुद्ध आहे.” मलाही ते ऐकायला बरं वाटलं. मी उसाच्या घरातला, आणि माझ्याही लक्षात आलं नाही!

“बघा, मी म्हणत होतो,” नीलेश म्हणाला. त्याने तीच वाक्यं कॉम्प्युटरच्या आवाजात लावली. तोही तितक्याच उत्साहाने ‘नोंद सुरू’ म्हणाला.

“मग हा कुठे वेगळा बोलला?” मी चिडून विचारलं.

“नाही बोलला. पण फुकट चुकला.”

रेहानाचा चेहरा पडला. मला वाटलं, आता ही पर्स उचलणार. तिने पर्स उचलली, पण म्हणाली, “सर, मला इंदापूरला न्या. ते लोक कसं बोलतात ते ऐकायचंय.”

दुपारी आम्ही कारखान्याच्या गट ऑफिसात पोहोचलो. तिथं पोपटराव बसले होते. सगळ्यात जुने चिटबॉय.

“तात्या, तुम्ही सुरू का घेतलं?” रेहानाने विचारलं.

“तुमीच म्हणला की, नोंद सुरू. घेतलं सुरू.”

“पण ऊस तर आडसाली होता ना?”

“व्हय. मला वाटलं, शिकवायपुरता सुरू धरलाय. शाळंत न्हाय का, गणितातलं आंबं खोटंच असत्यात.”

रेहाना त्या दिवसात पहिल्यांदा हसली. मग तिने विचारलं, “बरं तात्या, मोटर सुरू कर, हे तुम्ही कसं सांगता?”

“चालू कर म्हणतो. मोटर चालू, ट्रॅक्टर चालू, मोबाइल चालू.”

“आणि सुरू?”

“सुरू फकस्त ऊस.”

परतीच्या वाटेवर ती गाडीत तोंडातल्या तोंडात वाक्यं म्हणून बघत होती.

आवाज वेगळा घेण्याचा फायदा त्या संध्याकाळी कळला. सगळा व्हिडिओ नव्याने करावा लागला नाही. आम्ही तेवढं वाक्य कापलं आणि नवं बसवलं. “आता नोंद चालू करा. ऊस आडसाली असंल तर आडसाली घ्या. पूर्वहंगामी असंल तर पूर्वहंगामी. आणि सुरू असंल, तरच सुरू.” ‘तरच’वर तिने असा काही जोर दिला, की चुकायची कुणाची टाप नव्हती.

पण नवं वाक्य लांब झालं आणि चित्र आधीच संपायला लागलं. अशा वेळी चित्र तिथल्या तिथे थांबवून ठेवतात. नीलेशने बघितलं. “फोन हँग झाल्यासारखं वाटतंय,” म्हणाला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्याने खुर्ची ओढली आणि ज्या प्रकाराचं नाव येईल त्याच्याभोवती लाल गोल फिरवून दिला. चित्र थांबलंय हे कळेनासं झालं. मी त्याला मनापासून शाबासकी दिली.

दुसऱ्या दिवशी घोगऱ्यांचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला. रेहाना दाराशीच उभी होती.

“सगळ्यांनी बरोबर भरलं. पोपटरावांनीसुद्धा. आता राहिलेले व्हिडिओ ह्याच बाईंच्या आवाजात पायजेत.”

नीलेशने सगळ्यांना चहा सांगितला आणि पहिला कप रेहानाला दिला. मला फार आनंद झाला. तिचे अब्बा आता कापड घ्यायला येणाऱ्या गिऱ्हाइकाला तो व्हिडिओ दाखवतात, त्याला ऊस असो वा नसो.

मी एवढंच शिकलो, की स्क्रिप्ट शुद्ध आहे का हे नंतर बघावं. ज्याला ऐकवायची, त्याच्या रानात त्या शब्दाचा काय अर्थ होतो ते आधी विचारावं.

परवा पुढच्या व्हिडिओला बसलो. पंखा बंद केला, दार लावलं आणि सवयीने बोलून गेलो, “सुरू!”

रेहानाने हेडफोन कानावरून सरकवला. “सर, ऑगस्ट चाललाय. आत्ता कुठला सुरू?”