शांताचा बंब

हे मी आजवर कुणाला बोलले नाही. पोरांना नाही, पाळकसाहेबांना नाही. प्रार्थनेतसुद्धा या जागी आले की पुढे उडी मारते. देवाला माहीतच आहे, मग सांगायचं कशाला — असं म्हणते. तुम्हाला माहीत नाही. म्हणून तुम्हाला सांगते.

मी चौथीपर्यंत शिकले. नटवून लिहिता येत नाही, आणि नटवण्यासारखं यात काही नाही.

आमच्या चर्चमध्ये दर वर्षी सुगीचा सण होतो. ज्याच्याकडे जे असेल ते तो वेदीपुढे आणून ठेवतो — द्राक्षं, भोपळा, अंडी, एखादी कोंबडी. उपासना झाली की अंगणात त्याचा लिलाव होतो आणि पैसे चर्चला जातात. बारा वर्षांमागे सणाआधी पाळकसाहेब सलग तीन रविवार एकाच गोष्टीवर बोलले — जी वस्तू हातातून सुटत नाही, तीच देवाला द्या. मी तेव्हा महिला मंडळाची अध्यक्ष. सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे. निदान मला तरी तसं वाटलं.

माझ्याकडे एक पैठणी होती. जांभळी, पदरावर मोर. नवरा गेला त्याच्या आदल्या वर्षी त्याने येवल्याहून आणलेली. ती मी वेदीपुढे ठेवली आणि उभी राहून साक्ष दिली — आज माझं मन सुटलं, प्रभूने मला मोकळं केलं. बायका रडल्या. मीही थोडी रडले.

पण आदल्या दिवशी मी मनमाडला बहिणीच्या मुलाला फोन केला होता. त्याला इथे कुणी ओळखत नव्हतं. लिलावात तो मागे उभा राहिला आणि बोली चढवत गेला. लिलाव करणाऱ्या सॅम्युएलमामांनी त्याची फिरकी घेतली, "पाहुणे, पैठणी बायकोला की सासूला?" तो म्हणाला, "आधी बायको तर मिळू द्या, मामा!" सगळे हसले. संध्याकाळी पैठणी माझ्या ट्रंकेत परत आली. पैसे माझेच.

चर्चला पैसे मिळाले, मग लबाडी कसली? — हे मी स्वतःला पुष्कळ वर्षं ऐकवलं. पण मी पैसे देते असं कुठे म्हटलं होतं? मन सुटलं, असं म्हटलं होतं.

एवढंच असतं तर तुमचा वेळ घेतला नसता.

आमच्या मंडळीत शांता आहे. माझ्याच वयाची, विधवा. पंचवटीत एका खोलीत राहते, तेव्हा तिथल्याच बाजारात भाजी विकायची. तिच्याकडे आईचा तांब्याचा बंब होता. पहाटे चारला त्यात पाणी तापवायचं, अंघोळ उरकून बाजार गाठायचा. नाशिकची थंडी तुम्हाला ठाऊक आहे. घरात चांगली वस्तू तेवढी एकच. पुढच्या सणाआधी ती माझ्या घरी आली.

"अक्का, बंब पेटवला की तुमची पैठणी आठवते. देऊन टाकू का? का म्हातारपणी लागंल म्हणून राहू देऊ? तुम्ही सांगाल तसं."

मी काय सांगायला हवं होतं? ठेव गं बाई — एवढंच. मी त्या वेळी ट्रंकेवरच बसले होते. त्याच ट्रंकेवर. आणि मी म्हटलं, "द्यायचं तर जीव अडकलेलंच द्यावं, शांता."

का म्हटलं? तिला अडवलं असतं तर माझी साक्ष हलकी झाली असती का? पुष्कळ शोधलं, एकच सापडतं — मोठेपणा. पैठणी एक वेळ सुटली असती. तो सुटत नव्हता.

तिने बंब चिंचेने घासून लखलखीत करून आणला. बंगल्यातल्या कुणा बाईंनी घेतला. त्यांच्या गॅलरीत मी नंतर पाहिला — त्यात मनीप्लँट लावलाय. शांता पातेल्यात पाणी तापवते, पुष्कळदा गारच घेते. थंडीत तिची बोटं आखडतात. तिने कधी वाईट मानलं नाही. उलट म्हणते, "तुमच्यामुळं सुटले बघा, अक्का." आणि ती खरंच सुटली आहे. मला दिसतं. तेच बघवत नाही.

पैठणी मी नेसू शकत नाही. मी ती दिली हे सगळ्यांना माहीत आहे. घडीवर चिरू नये म्हणून अधूनमधून दार लावून घडी बदलते, झालं.

तिला दुसरा बंब घेऊन देता आला नसता? आला असता. पण कशासाठी, असं तिने विचारलं असतं.

आता हे लिहिलं म्हणून मोठं धाडस केलं असं समजू नका. शांताला वाचता येत नाही. रविवारी ती माझ्या शेजारी बसते, वचन मी तिच्या कानाशी हळू वाचते. तिला वाचून दाखवणारी मी एकटीच. आणि हे मी तिला वाचून दाखवणार नाही.