चारुताचा ‘द’

शोभनाताईंना इंग्रजीतला ‘द’ फार उशिरा कळला, आणि कळल्यापासून त्यांची झोप उडाली.

नोकरी नागपूरच्या पोस्टात झाली. नवरा गेल्यावर मुलानं, अनीशनं, अमेरिकेत ईडन प्रेरीला आणलं. नागपुरातला त्यांचा प्रतापनगरचा फ्लॅट कुलूप लावून ठेवला होता. बर्फ वितळलं की आपण परत जाणार, हे त्या रोज एकदा तरी बोलून दाखवायच्या. तोवर लायब्ररीतल्या इंग्रजीच्या वर्गाला जायच्या.

‘द माय सन’, ‘द माय फ्लॅट’ असं त्यांचं चाले. सून चारुता हसायची. “आई, ‘द’ म्हणजे मीठ नाही, सगळ्यात टाकायला!”

वर्गातल्या बाईंनी एकदा समजावलं, गोष्ट पहिल्यांदा बोलण्यात आली की ‘अ’. बोलणारा आणि ऐकणारा, दोघांनाही ती ठाऊक असेल तर ‘द’.

त्याच संध्याकाळी डिशवॉशर लावताना चारुतानं अनीशला विचारलं, “हॅज द बायर कॉल्ड?”

शोभनाताईंच्या हातातली वाटी हातातच राहिली. अ बायर नाही, द बायर. म्हणजे हा माणूस दोघांच्या ओळखीचा. पण कशाचा बायर? गाडी तर नवीच होती. हे घर विकायचं असतं, तर दारात पाटी लागली असती.

मग त्यांचे कान ‘द’मागे फिरू लागले. द एजंट. द कीज. त्या खोलीत आल्या की बोलणं थंडीवर घसरायचं. अनीश त्यांना संत्री सोलून द्यायचा. हा इतका प्रेमळ कधी होता? संत्र्याची फोडसुद्धा त्या संशयानं चावू लागल्या.

रविवारी चहा गाळताना त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, “अनीश, व्हॉट डिड द बायर से?”

“तो ओके आहे गं, फक्त कपाटं रिकामी…” अनीश थांबला. “तुला कोणी सांगितलं?”

“चारुतानं. तिचा ‘द’ अगदी बरोबर असतो.”

“आई, तू तिथं एकटी कशी राहणार? सही घ्यायच्या आधी सांगणारच होतो.”

“आणि माझी किल्ली एजंटला देताना?”

चारुता कोरडा कप पुसत राहिली.

शोभनाताईंनी एकेक शब्द जपून उच्चारला. “इट इज माय फ्लॅट.”

मधे ‘द’ नव्हता. कोणी हसलंही नाही.

“मार्चचं तिकीट काढ,” त्या म्हणाल्या. “फक्त जायचं.”