दोन बाजूंच्या दोन स्प्रिंगा

मिलिंदशी माझं शेवटचं बोलणं म्हणजे भांडणच होतं. प्रताप नगरातल्या आमच्या दातांच्या दवाखान्यात, भरदुपारी, वनिताच्या उघड्या तोंडावर वाकून. ही पारशिवनीची बाई, घरी न सांगता यायची. नवऱ्याच्या ठोशाने तिचा सुळ्यामागचा दात मोडला होता. समतोलासाठी दुसऱ्या बाजूचाही काढावा लागला. त्या फटी मिटवायला दातांना बसवलेल्या तारांवर एका बाजूला स्टीलची स्प्रिंग, दुसरीकडे निकेल-टायटॅनियमची. कॉलेजपासूनची आमची खोड… रुग्णाची हरकत नसेल तर एकाच तोंडात दोन्ही लावायच्या आणि कोणती जिंकते ते बघायचं. मी स्टीलवाली. "तुही स्प्रिंग तुह्यासारखीच हाय वं," मिलिंद त्या दिवशीही म्हणाला, "जोरात वढते अन् लगेच ढिली पडते. माही हळूहळू वढते, पण सोडत नाही." मी काहीतरी खवचट बोलणार, तेवढ्यात दार आपटलं.

वनिताचा नवरा होता. हातात लोखंडी सळई. "माह्या बायकोले सुंदर बनवून राहिला काय बे?" मिलिंद त्याच्या आणि वनिताच्या मध्ये उभा राहिला. पहिला घाव खांद्यावर, दुसरा कानशिलावर. हाड फुटल्याचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. मी त्या माणसाच्या मनगटाला चावले, तोंडात रक्ताची चव येईपर्यंत. त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. सळई पडली, शेजारचे धावले… मिलिंद उठला नाही.

मग भावाला वाचवायला वनिताच्या दिराने आवई उठवली, डॉक्टरने वनिताशी गैरवर्तन केलं म्हणून हे घडलं. माझा शब्द कोण मानणार? मी पडले मिलिंदची भागीदार. त्याला दुसऱ्यांदा मारत होते, आणि वनिता गप्प होती. त्या दिवसांत मला तिचाही संताप यायचा.

गेल्या आठवड्यात, सहा महिन्यांनी, ती एकटी आली. ओठ फुटलेला, डोळा काळानिळा.

"दिरानं मारलं. ठाण्यात जबाब देऊन आली म्हणून. डॉक्टरसायबानं मले कधी वावगा हात लावला नाही, हे सांगतलं. आता त्या घरी वापस नाही जात, ताई."

मी तिला खुर्चीत बसवलं. माझी स्टीलची स्प्रिंग सैल लोंबत होती, फट तशीच. मिलिंदच्या बाजूची जवळपास मिटली होती. हरले रे, मिलिंद… मी मोठ्याने रडले.

मग माझी काढली आणि तिथेही त्याचीच निकेल-टायटॅनियमची लावायला घेतली.

"ओठ फाटलाय. स्प्रिंग ओढताना दुखेल गं."

"दुखू द्या, ताई," वनिता म्हणाली. "तुमी वढा."